यादीबाहेरची पट्टी

तुम्ही खोट्याला शाबासकी देता आणि खऱ्याला नोटीस पाठवता. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे ही हकीकत कुणाच्या बाजूने लिहिली आहे याचा घोळ नको. मांजरांच्या कल्याणाचा ठेका तुम्ही घेतलात. अकरा पानांचा करार लिहिलात, मान्य वस्तूंची यादी छापलीत, रोज दात घासल्याची खूण करायला चौकटींचा तक्ता काढलात. आणि त्या तक्त्यावर जिने खरं ते लिहिलं, तिच्याच घरातून मांजर उचलायला निघालात. चोर सोडून संन्याशाला सुळी देणारे जगात पुष्कळ झाले, पण संन्याशाकडूनच सुळीचा फॉर्म भरून घेणारे तुम्हीच.

संन्याशाचं नाव लेम्पी हार्यू. वय सदुसष्ट. अमेरिकेत सुपीरियर सरोवराच्या काठच्या त्या काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, तिने सत्तावीस हिवाळे बर्फ सारायचा ट्रक चालवला. सरोवराकडून वारा सुटला की तिथे रस्ता कुठला आणि खड्डा कुठला हे देवालाही कळत नाही, लेम्पीला कळायचं. आता गुडघे गेले, ट्रक गेला, घरात ती एकटी. एप्रिलमध्ये तिने तुमच्या मांजरांच्या संस्थेतून एक बोका घरी आणला. नऊ वर्षांचा, राखाडी, एक कान फाटलेला. चौदा महिने तो पिंजऱ्यात पडून होता, कुणी ढुंकून बघत नव्हतं. लेम्पीने मांडीवर घेतला तर असा घुरघुरला, की थंडीत इंजिन सुरू ठेवून उभा केलेला तिचा जुना ट्रकच. तिने तिथल्या तिथे नाव ठेवलं, डिझेल.

संस्थेच्या प्रमुख मार्शाबाई. हसऱ्या, गळ्यात कायम लोकरी मफलर. त्यांनी करारावर बोट ठेवून सांगितलं, "मिसेस हार्यू, याच्या तीस दातांतले चार आम्ही भूल देऊन काढलेत. बाकीचे घासूनपुसून स्वच्छ केलेत. उरलेले सव्वीस तुमच्या पदरात. कलम नऊ नीट वाचा."

कलम नऊ असं की मांजराचे दात रोज घासायचे, यादीतल्याच वस्तूंनी घासायचे, महिनाअखेर तक्ता पाठवायचा. कसूर झाली तर मांजर संस्थेकडे परत.

"वाचलं," लेम्पी म्हणाली आणि सही केली. आयुष्यभर तिने रोज संध्याकाळी ट्रकच्या वहीत लिहिलं होतं, किती मैल, बर्फावर किती मीठ टाकलं, कुठे घसरला. तक्त्याची तिला भीती कसली?

सोबत एक पिशवी मिळाली. पेस्टची नळी, बाळाच्या ब्रशाएवढा ब्रश, बोटावर चढवायची रबरी टोपी, पाण्यात टाकायचे थेंब, खाण्यावर भुरभुरायची पूड आणि चावता चावता दात साफ होतात म्हणे असा कुरकुरीत खाऊ. प्रत्येकावर सोनेरी दाताचा शिक्का. लेम्पीने सगळं स्वयंपाकघरात ओळीने मांडलं आणि डिझेलला म्हणाली, "बघ रे, तुझा दवाखाना."

डिझेलने बघितलं आणि तो फ्रिजच्या मागे गेला.

पहिल्या आठवड्यात ब्रशाचं डोकं चावून तुटलं. रबरी टोपी आतल्या बोटासकट चावली गेली. पाण्यात थेंब टाकले तर त्याने ते भांडं सोडलं आणि न्हाणीघरातल्या गळक्या नळाला जीभ लावून बसायला लागला. पेस्ट मात्र आवडली. एवढी आवडली की घासायच्या आत चाटून मोकळा. कुरकुरीत खाऊ तर न चावताच गिळायचा. लेम्पी म्हणाली, "ठीक आहे बाबा, पेस्ट खा, पूड खा, पण तोंड उघडायला शीक."

तिसऱ्या आठवड्यात डिझेलच्या हनुवटीवर खपल्या आल्या. मागच्या पायाने कान इतका खाजवायचा की पलंग हलायचा. हिरड्या लालभडक. लेम्पीने त्याला पेटीत घातलं आणि डॉक्टर पेल्टिएंकडे नेलं. काउंटीत जनावरांच्या एवढ्या एकच डॉक्टर. सकाळी गाय, दुपारी शिकारीचा कुत्रा, संध्याकाळी मांजर. हात असे की फाटक उचलून बाजूला ठेवतील.

डॉक्टरांनी हनुवटी बघितली आणि विचारलं, "लेम्पी, याला तुम्ही कोंबडी घालताय?"

"छे! ससा. डब्यातला ससा, फक्त ससा. संस्थेनेच त्याच्या कार्डावर लिहिलंय, कोंबडी वर्ज्य, अंगाला खाज सुटते."

"ती नळी आणलीत?"

लेम्पीने सगळी पिशवीच टेबलावर उलटी केली. डॉक्टरांनी नळी डोळ्यांजवळ नेली. मुंग्यांच्या पायांसारखी अक्षरं. मग पूड बघितली, मग खाऊचं पाकीट, मग थेंबांची बाटली. "कोंबडीची चव. कोंबडीचं यकृत. कोंबडीची पूड. आणि हे थेंब, ह्यातसुद्धा कोंबडी. लेम्पी, ज्यांनी कार्डावर कोंबडी वर्ज्य लिहिलं त्यांनीच तुम्हाला पिशवीभर कोंबडी दिलीय."

लेम्पीचे कान तापले. आपल्या हाताने आपण जनावराला खाज लावली. रोज, कौतुक करत करत, 'शहाणा रे माझा' म्हणत.

"मग दुसरी पेस्ट द्या. माझी चालेल का, पुदिन्याची?"

"चुकूनही नाही!" डॉक्टर जवळजवळ ओरडल्याच. "माणूस थुंकतो, मांजर गिळतं. आपल्या पेस्टमधलं फ्लोराइड त्याच्या पोटात जाता कामा नये. आणि ऐका, पेस्ट म्हणजे गळाला लावलेला किडा. मासा धरतो तो गळ. दात साफ होतो घासण्याने. थेंब, पूड, खाऊ हे झाले हाताखालचे गडी, त्यांच्या जिवावर धनी झोपून चालत नाही."

मग त्यांनी कपाटातून जखमेवर बांधायची साधी जाळीची पट्टी काढली, बोटाला गुंडाळली, पाण्यात बुडवून पिळली. डिझेलला दोन गुडघ्यांत धरला, पण तोंड आपल्याकडे नाही, पलीकडे. "समोरून गेलात की त्याला वाटतं हल्ला झाला. मागून जायचं. तोंड उघडायचं नाही. ओठ जरा उचलायचा, बोट आत सरकवायचं. फक्त बाहेरची बाजू. आतली बाजू त्याची जीभ बघते, कानशीसारखी असते ती. हिरडी आणि दात जिथे भेटतात तिथे गोल गोल. एका बाजूला मनात तीस मोजा, झालं."

"लगेच करू देईल?"

"लगेच तुम्ही मला करू द्याल?" डॉक्टर हसल्या. "आठवडाभर नुसते गाल चोळा. मग ओठ. मग सुळे. मागच्या दाढा सर्वांत शेवटी, आणि कीटण धरतं तेही तिथेच सर्वांत जास्त. रोज केलंत तर उत्तम, एखादा दिवस चुकला तर जग बुडत नाही. पण चढलेलं कीटण पट्टीने निघत नाही, ते माझं काम. आणि एकाच दाताला हात लावल्यावर दचकला किंवा रक्त थांबलं नाही, तर घासणं बंद करून इकडे आणा."

घरी येऊन लेम्पीने मार्शाबाईंना फोन लावला. हनुवटीचं सांगितलं, कोंबडीचं सांगितलं, पट्टीचं सांगितलं.

"अरेरे, बिचारा!" मार्शाबाई म्हणाल्या. "पण यादीतलं दुसरं काहीतरी वापरा ना."

"दुसऱ्यातही कोंबडीच आहे. सगळ्यांत."

"यादीत सहा वस्तू आहेत, मिसेस हार्यू."

"सहांतला ब्रश त्याने खाल्ला आणि टोपी फाडली. उरलेल्या चारही कोंबड्या."

"मग ब्रश नवा मागवा. यादीबाहेरचं मी फोनवर कसं मंजूर करणार?"

लेम्पीने नवा ब्रश मागवलासुद्धा. दुरून ब्रश दिसला तरी डिझेल कान पाडायचा. पट्टी गुंडाळलेलं बोट मात्र चालायचं, कारण ते बोटच होतं, रोज गाल चोळणारं. शेवटी लेम्पीने ठरवलं, यादी कागदावर आहे, दात तोंडात आहेत.

आणि तक्त्यावर तिने जे झालं ते लिहिलं. चौकट इवलीशी, नुसती बरोबरची खूण करण्यापुरती, पण ती समासात लिहायची, उलट्या बाजूला लिहायची. 'मंगळवार. चावला. डाव्या सुळ्यापर्यंत पोचले.' 'गुरुवार. पेस्ट कायमची बंद, डॉक्टरांनी सांगितलं. ओली पट्टी.' 'शनिवार. नाही जमलं. माझे गुडघे आणि त्याचा राग. दोघं लवकर झोपलो.' 'रविवार. उजवी मागची दाढ, पहिल्यांदाच! बक्षीस सशाचा तुकडा.'

सप्टेंबरपर्यंत खपल्या गेल्या. हिरड्या गुलाबी झाल्या. सकाळी कॉफी झाली की डिझेल आपणहून येऊन तिच्या पायांत पाठमोरा बसायचा, न्हाव्याच्या खुर्चीत गिऱ्हाईक बसावं तसा.

शेजारी डुएन ट्रेम्बाथ. त्याचा आजा तांब्याच्या खाणीत काम करायला इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलहून आलेला, म्हणून डुएनच्या घरी अजून दर शुक्रवारी मांसाच्या करंज्या भाजल्या जातात. त्यातल्या दोन लेम्पीच्या. त्यानेही त्याच संस्थेतून एक मांजरी आणलेली. एका शुक्रवारी करंज्यांचं ताट ठेवता ठेवता त्याने टेबलावरचा तक्ता वाचला आणि खो खो हसत सुटला.

"लेम्पी, हे काय लिहिलंस गं? 'दोघं लवकर झोपलो'? तुला कुणी कादंबरी मागितली होती का?"

"मग तू काय लिहितोस?"

"मी? महिन्याच्या शेवटच्या रविवारी मॅच बघता बघता तीस खुणा मारतो. एकच पेन, एकच दम. दोन-चार खुणा जरा तिरक्या मारायच्या, म्हणजे खऱ्या वाटतात."

"आणि ब्रश?"

"एकदम झकास ब्रश! बंदुकीचा खटका साफ करायला त्याच्यासारखा ब्रश नाही. कोपऱ्यात जातो."

"लाज नाही वाटत? आणि मांजरीचे दात?"

"तिचे दात तिच्यापाशी. मी जवळ गेलो तर माझे राहणार नाहीत." मग खिशातून घडी केलेला कागद काढून त्याने टेबलावर आपटला. "आणि हे बघ, बाई, जळू नकोस. संस्थेकडून. 'आदर्श पालक'. सोनेरी दाताचा शिक्का आहे खाली."

लेम्पीही हसली. तेव्हा हसू येण्यासारखंच होतं ते.

ऑक्टोबरच्या शेवटी तिला पत्र आलं. नियमपालन समितीसमोर सुनावणी. तिच्याच तक्त्यातून वेचून आरोप लिहिले होते. मान्य पेस्टचा वापर जाणूनबुजून बंद केला. अमान्य कापड वापरलं. एकूण नऊ दिवस दात घासले नाहीत. प्राण्याने चावल्याच्या सहा नोंदी, म्हणजे प्राण्यावर ताण. शेवटची ओळ, 'येताना मांजर सोबत आणावे.'

ही शेवटची ओळ लेम्पीने तीनदा वाचली. मांजर सोबत आणा म्हणजे काय, हे कळायला कुठलं कॉलेज लागत नाही. सत्तावीस वर्षांत तिने एकदाही वहीत खोटं लिहिलं नाही. एकदा ट्रक खड्ड्यात घातला तेव्हाही 'मी घातला' असं लिहिलं, तर साहेब म्हणाला होता, 'निदान कुठे घातलास ते तरी कळलं.' आणि इथे खरं लिहिलं म्हणून घरातलं एकुलतं घुरघुरणारं काढून नेणार?

सुनावणीची तारीख पंधरा नोव्हेंबर. हरणांच्या शिकारीचा पहिला दिवस. त्या दिवशी त्या काउंटीत शाळा बंद असते, निम्मी दुकानं बंद असतात, मेलेला माणूससुद्धा दफनासाठी दुसऱ्या दिवसाची वाट बघतो. डॉक्टर पेल्टिएंनी आदल्या दिवशीच पत्र लिहून दिलं, कारण त्याही पहाटे रानात जाणार होत्या.

पंधराला सकाळी लेम्पी डिझेलची पेटी घेऊन बाहेर आली तर डुएन आपली गाडी गरम करत उभा.

"तू इथे कसा? आज रानात नाहीस?"

"बस गाडीत," डुएन म्हणाला. "हरणं काय, उद्याही मूर्खच असतील."

बाराव्या वर्षापासून त्याने हा दिवस चुकवला नव्हता. लेम्पी गाडीत चढली. पेटी मांडीवर घेऊन बसली.

समितीत तिघं. मध्ये मार्शाबाई, उजवीकडे लॅपटॉपवाला चष्मिष्ट माणूस, डावीकडे एक बाई जी नुसती लिहीत होती. लेम्पीने डॉक्टरांचं पत्र पुढे केलं. त्यात सगळं होतं, खाज, कोंबडी, पट्टी, आणि खाली स्पष्ट, 'या बोक्याचे दात मी तपासले आहेत, काळजी उत्तम घेतली जात आहे.'

मार्शाबाईंनी पत्र वाचलं, नीट घडी केली, फाईलमध्ये सर्वांत खाली ठेवलं. "डॉक्टरांबद्दल आम्हाला आदरच आहे. पण समिती यादीनेच चालते."

"यादी कुणी केली?"

"कंपनीचे तज्ज्ञ असतात. कंपनी आमची फार जुनी हितचिंतक. पेट्याच्या पेट्या भेट पाठवते."

"म्हणजे जी विकते तिनेच यादी केली."

"असा अर्थ काढू नका, मिसेस हार्यू."

"दुसरा कुठला निघतो ते सांगा, तो काढते."

चष्मिष्ट माणूस घसा खाकरून म्हणाला, "एकाला सूट दिली तर उद्या जो तो फडकं घेऊन येईल."

"येऊ दे की! फडकं घेऊन आले तर दात तरी घासले जातील."

डुएन मागच्या खुर्चीवर चुळबुळ करत होता, तो उठला. टोपी हातात घेतली. "मला एक सांगायचंय. ही बाई रोज घासते, मी डोळ्यांनी बघितलंय. मी मात्र आजवर एकदाही घासले नाहीत. एकदाही नाही. सगळ्या खुणा खोट्या आहेत माझ्या."

चष्मिष्टाने लॅपटॉपवर काहीतरी बघितलं. "मिस्टर ट्रेम्बाथ, तुमची नोंद शंभर टक्के पूर्ण आहे."

"अहो पण ती खोटी आहे!"

"खाली तुमची सही आहे. तुम्हाला प्रशस्तिपत्रही दिलेलं आहे."

"ते परत घ्या ना मग!"

"तशी तरतूद नाही," मार्शाबाई म्हणाल्या. "कृपया बसून घ्या. आम्हाला दहा मिनिटं चर्चा करायचीय. मिसेस हार्यू, तुम्ही मागच्या खोलीत थांबाल का?"

मागची खोली म्हणजे मांजरांची खोली. भिंतीला पिंजरे, एकावर एक. दार उघडताच लेम्पीच्या नाकाला जो वास आला तो मुताचा नव्हता, औषधाचाही नव्हता. सहा महिन्यांपूर्वी तिला तो ओळखता आला नसता. आता ओळखीचा झाला होता. सडक्या तोंडाचा वास.

जवळच्या पिंजऱ्यात एक तांबूस बोका बसलेला. मान एकीकडे कलती, हनुवटीखाली लाळेने केस चिकटलेले. भांड्यातलं खाणं फक्त एका बाजूचं खाल्लेलं. लेम्पीने हात आत घालून त्याचा गाल चोळला, चोळता चोळता ओठ जरासा उचलला. मागच्या दाढेवर कीटणाचा पिवळा दगड, हिरडी जांभळी.

कोपऱ्यात एक बाई फरशी पुसत होती. नोरीन, छातीवरच्या बिल्ल्यावर नाव. संस्थेत फुकट राबणाऱ्यांपैकी.

"यांचे दात कोण घासतं हो?" लेम्पीने विचारलं.

नोरीनने पोछा थांबवला. "यांचे? मिसेस, मांजरं एकतीस आणि आम्ही तिघी. घाण काढायची, खाणं घालायचं, औषधं द्यायची. दात कोण घासणार? तुम्हाला करमत नसेल तर या तुम्ही."

"आणि तक्ता?"

"तक्ता बाहेर नेणाऱ्यांसाठी असतो." तिने आवाज खाली आणला. "माझं नाव नका घेऊ हं. मला या पोरांना सोडून जायचं नाहीये."

नोरीनची कॉफी ज्या खोक्यांच्या चळतीवर ठेवलेली होती त्यांच्यावर सोनेरी दात होता. खोकी खांद्यापर्यंत आलेली. एकाचीही चिकटपट्टी फोडलेली नव्हती.

लेम्पीला आत बोलावलं. मार्शाबाईंनी हसून सुरुवात केली, आणि हसून सुरुवात झाली तेव्हाच लेम्पीने पेटीची कडी घट्ट धरली.

"समितीला तुमची कळकळ दिसते. म्हणून कायमचं नाही. डिझेल फक्त तीस दिवस इथे राहील. त्याच्या दातांची रोजची योग्य काळजी घेतली जाईल याची तुम्ही लेखी हमी दिलीत, मान्य वस्तूंनी, की मग पुन्हा विचार करू. पेटी इथे टेबलावर ठेवा."

डुएन पुढे सरसावला. लेम्पीने त्याला हाताने थोपवलं. पेटी तिने टेबलावर ठेवली नाही, दोन्ही हातांनी छातीशी धरली. आत डिझेल घुरघुरत होता, मूर्ख, त्याला वाटलं आपण घरी निघालो.

"तीस दिवस इथे," लेम्पी म्हणाली. आवाज चढला नव्हता. ट्रकच्या काचेवर बर्फ आदळत असताना वायरलेसवर बोलायची तसा सपाट आवाज. "योग्य काळजी, रोज, इथे. मी आत्ताच ती खोली बघून आले. एक तांबूस बोका आहे, एकाच बाजूने जेवतो. त्याची दाढ सडलीय. तुमच्यापैकी कुणाला माहीत होतं?"

लिहिणाऱ्या बाईचं पेन थांबलं.

"मिसेस हार्यू, हा विषय इथे..."

"हाच विषय आहे. मी नऊ दिवस चुकले, ते मीच तुम्हाला लिहून दिले. आता तुम्ही सांगा. तक्ता नको, सही नको, कंपनीचं नाव नको. भिंतीपलीकडे एकतीस मांजरं आहेत, सगळी तुमच्या ताब्यातली. हा बत्तिसावा मी तुम्हाला देण्याआधी मला माणसाचं नाव हवंय. मार्शाबाई, आज सकाळी त्यांच्यातल्या एकाचे तरी दात कुणी घासले? काल कुणी घासले? बोला, मी उभी आहे."